सुया टोंचून घेण्यापूर्वीं



गेल्या पावसाळ्यांत माझा उजवा गुडघा असा हटून बसला कीं, जिना चढावयास नातवाचा खांदा लागूं लागला. पस्तीस वर्षें फळ्यापुढें उभें राहिल्याचें हें व्याज! एका स्नेह्यांनीं ॲक्युपंक्चर, म्हणजे चिनी सूचिचिकित्सा, करून पाहण्यास सुचविलें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला निवृत्त शिक्षक. वैद्यकांत माझा अधिकार नाहीं. परंतु नवखा रोगी म्हणून जें अनुभवलें आणि मागाहून जें वाचलें, तें आपणांपुढें ठेवतों. त्यांत माझ्या हातून झालेली एक चूक आहे. खरें म्हणजे तिच्यासाठींच हें भाषण.

या विद्येचा आधारग्रंथ 'ह्वांगदी नेइजिंग' हा सुमारें २००० वर्षांपूर्वींचा मानतात. शरीरांत 'ची' नांवाची जीवनशक्ति ठराविक मार्गांनीं वाहते, ती अडली कीं दुखणें उद्भवतें, आणि सुईनें तिची वाट मोकळी करतां येते, असा तिचा सिद्धान्त. शवच्छेदांत हे मार्ग कोणास दिसलेले नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे. आपल्या देशाशीं तिचा एक धागा जुळतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं ज्या वैद्यकीय पथकांतून चीनला गेले, त्यांतीलच डॉ. बिजयकुमार बसू यांनीं पुढें ही विद्या तेथें शिकून कलकत्त्यास आणली.

पहिल्या भेटींत चिकित्सकानें माझ्या दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटें ठेवून बराच वेळ नाडी पाहिली, जीभ दाखवावयास लावली, झोंप, भूक, घाम यांची चौकशी केली. दुखतो गुडघा आणि पाहतात जीभ, याचें मला हसूं आलें. पण ती त्यांची रीतच आहे. सुई मात्र इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. भरींव आणि सुमारें पाव मिलिमीटर जाडीची असते. टोंचतांना मुंगी चावल्याइतकें कळलें. मग घोट्यापर्यंत एक जडपणा उतरला. त्यास चिनी लोक 'दे-ची' म्हणतात. वीस-तीस मिनिटें स्वस्थ पडून राहावें लागतें. उपाशीं पोटीं जाऊं नये, घेरी येते. सुया बंद पाकिटांतील असाव्या, आपल्या डोळ्यांदेखत उघडाव्या आणि एकदां वापरून टाकून द्याव्या. येथें संकोच करूं नये. रक्तांतून पसरणारी कावीळ अस्वच्छ सुयांनीं पसरलेली आहे. छातीवर सुई फार खोल गेल्यास फुप्फुसास इजा होते. असें क्वचित् घडतें, पण घडतें. महाराष्ट्रांत या चिकित्सेसाठीं स्वतंत्र कायदा आहे. तेव्हां चिकित्सकाची नोंदणी आहे काय, हें विचारण्यांत उद्धटपणा नाहीं.

आतां माझी चूक. हृदयाच्या तक्रारीसाठीं मी वॉरफॅरिन नांवाची रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतों. तें मीं सूचिचिकित्सकास सांगितलें नाहीं, आणि सुयांचें माझ्या डॉक्टरांस सांगितलें नाहीं. एकास दुसऱ्यावर अविश्वास वाटेल, अशी भिडस्त समजूत! सुयांच्या जागीं काळेनिळे डाग पडले, तरी मी गप्पच. त्यांतच एका परिचितानें रक्ताभिसरणास उत्तम म्हणून एका चिनी मुळीचें चूर्ण आणून दिलें. आठ दिवस तें घेतलें. नवव्या दिवशीं दांत घासतांना हिरड्यांतून रक्त थांबेना. सूनबाईंनीं पुडीवरचें नांव वाचलें, 'दानशेन', आणि मला तडक डॉक्टरांकडे नेलें. ही मुळी वॉरफॅरिनचा परिणाम वाढविते. रक्त गोठण्यास लागणारा वेळ प्रमाणाबाहेर गेलेला निघाला. डॉक्टर रागावले नाहींत, त्यांनीं फक्त विचारलें, "गुरुजी, मुलांनीं अर्धेंच उत्तर लिहिलें तर तुम्हीं गुण देत होतां काय?"

वनस्पति म्हणून निरुपद्रवी, हा समज फार महाग पडतो. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ब्रुसेल्स येथें वजन उतरविण्याच्या औषधांत एका चिनी मुळीऐवजीं दुसरीच, विषारी मुळी गेली आणि सुमारें शंभर स्त्रियांचीं मूत्रपिंडें बिघडलीं. उलट त्याच चिनी वनौषधींच्या भांडारांतून टू यूयू या विदुषींनीं हिंवतापावरचें आर्टेमिसिनिन शोधलें व २०१५ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. मात्र त्यांनीं तें द्रव्य वेगळें काढून, पारखून मग दिलें. माझ्या परिचितानें पुडी दिली होती.

गुण येतो काय? २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगांत कंबरदुखीचे ११६२ रोगी होते. सहा महिन्यांनंतर शास्त्रोक्त सुया घेतलेल्यांपैकीं शेंकडा सुमारें ४७, नेहमींचे उपचार घेतलेल्यांपैकीं २७ जणांस आराम वाटला. पण भलत्याच जागीं वरवर टोंचलेल्यांतही ४४ निघाले! म्हणजे आराम खरा, परंतु नेमक्या बिंदूंचें माहात्म्य संशयित. दुखण्यापुरतें पाहावयाचें तर मला हें पुरेसें वाटतें. मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करून सुया घ्या, असें कोणीं सांगितल्यास मात्र तेथून उठावें. गर्भवतीनें तसें आधींच सांगावें. हृदयांत पेसमेकर असणारानें सुयांतून वीज सोडूं देऊं नये.

पुढें दोघांच्याही संमतीनें, रक्ताची तपासणी करून, मीं आठ बैठका घेतल्या. गुडघा पूर्ण बरा झाला नाहीं; पण आतां कठड्यास धरून एकटा चढतों. सदऱ्याच्या खिशांत माझ्या सर्व औषधांची यादी असते. अक्षर सूनबाईंचें आहे. माझ्यावर तिचा अद्याप भरंवसा नाहीं.