हिमनगांवरचा पहारा



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले, की तो बोनस आणि महागाईभत्ता यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची खात्री असते. मी दक्षिण ध्रुवाकडील हिमनगांवर बोलणार, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून आमच्याच युनियनमधील एका तरुण सोबत्याने मला विचारले, "दादा, तिकडं आता कुणाची युनियन काढायची?" प्रश्न रास्त आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. माझी शाळा नववीतच सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले, ते पाळ्या सांभाळून ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात झाले. तेव्हा आज जे सांगणार आहे, ते एका कामगाराला या विषयात जेवढे दिसले तेवढेच.

आपण रोज गाडीने जाता-येता. ठाकुर्ली-कल्याणच्या दरम्यान रुळांवर काम करणारी गँग आपण पाहिली असेल. दहाजण घाम गाळीत असतात आणि एकजण हातात झेंडा व तोंडात शिट्टी धरून नुसता उभा असतो. नवख्याला वाटते, हा आळशी आहे. परंतु गाडी येताना दिसली, की तो शिट्टी वाजवतो आणि दहाजण बाजूला होतात. त्या दहाजणांचा जीव त्या एकाच्या डोळ्यांवर आणि शिट्टीवर असतो. डोळे आणि शिट्टी हे दोन शब्द एवढे लक्षात ठेवा. माझे सारे व्याख्यान त्या दोन शब्दांत आहे.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी 'टायटॅनिक' हिमनगावर आदळली आणि तीन तासांच्या आत बुडाली. दीड हजारांहून अधिक माणसे मेली. यंत्रे आणि दिवे चालू ठेवण्यासाठी झटणाऱ्या अभियंत्यांपैकी एकही परत आला नाही. ही कथा चित्रपटामुळे घरोघरी पोचली आहे. पण कामगाराच्या नजरेने पाहिले तर तिच्यातील एक गोष्ट मन अस्वस्थ करते. पुढे बर्फ आहे, अशा सूचना इतर जहाजांनी बिनतारी यंत्रावरून दिवसभर पाठविल्या होत्या. त्यांतील काही कप्तानापर्यंत गेल्या. शेवटच्या काही मात्र बिनतारी खोलीतच राहिल्या, कारण तेथील तारवाले उतारूंच्या खासगी तारा पाठविण्यात गढून गेले होते. डोलकाठीवर बसलेल्या टेहळ्यांपाशी दुर्बीणही नव्हती. म्हणजे बर्फ दिसलेला होता. पण शिट्टी वाजली नव्हती.

या आपत्तीनंतर लंडनमध्ये राष्ट्रांची परिषद भरली आणि १९१४ पासून उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगांवर कायमचा पहारा सुरू झाला. तो अमेरिकेने करावयाचा आणि खर्च ज्या त्या देशाने आपल्या जहाजवाहतुकीच्या प्रमाणात सोसावयाचा, असे ठरले. आमच्या भाषेत सांगायचे तर पहारेकऱ्याची मजुरी सर्वांनी वर्गणीने द्यायची. प्रथम हा पहारा जहाजांनी केला, दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांनी केला आणि आता त्यातील मोठा वाटा उपग्रहांनी उचलला आहे.

उपग्रहच का हवेत, हे कळायला हिमनगाचा आकार डोळ्यांपुढे आणला पाहिजे. जुलै २०१७ मध्ये दक्षिण ध्रुवखंडाच्या लार्सन-सी या हिमफळीपासून जो तुकडा सुटला, त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५,८०० चौरस किलोमीटर होते. आपला आजचा ठाणे जिल्हा सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरचा आहे. मार्च २००० मध्ये रॉस हिमफळीपासून सुटलेला तुकडा सुमारे ११,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे पालघर वेगळा होण्यापूर्वीच्या अखंड ठाणे जिल्ह्याहूनही मोठा होता. शहापूर-मुरबाडपासून डहाणू-तलासरीपर्यंतचा सारा मुलूख जागचा सुटून समुद्रात चालू लागला, अशी कल्पना करा! आणि जे वर दिसते ते थोडे. हिमनगाचा सुमारे नऊ-दशांश भाग पाण्याखाली असतो.

या तुकड्यांची हजेरीपटावर असावी तशी नोंद ठेवतात. दक्षिण ध्रुवखंडाचे रेखांशानुसार चार भाग पाडून त्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली आहेत. ज्या भागात हिमनग प्रथम दिसला त्याचे अक्षर आणि पुढे अनुक्रमांक, हे त्याचे नाव. पुढे तो फुटला तर तुकड्यांना आणखी एक अक्षर मिळते. 'ए-२३ए' या हिमनगाची हकीकत ऐका. मूळ हिमनग १९८६ मध्ये फिल्चनर हिमफळीपासून सुटला, हा त्याचा तुकडा वेडेल समुद्राच्या तळाला रुतला आणि तीसहून अधिक वर्षे तेथेच बसून राहिला. २०२० च्या सुमारास तो हलला, उत्तरेकडे निघाला, मार्च २०२५ मध्ये साउथ जॉर्जिया बेटापाशी पुन्हा रुतला आणि त्याच वर्षी तुटत गेला. जवळजवळ चाळीस वर्षांची ही चाल उपग्रहांमुळे नोंदली गेली.

आता हे उपग्रह पाहतात कसे? साध्या कॅमेऱ्याला उजेड लागतो आणि आकाश निरभ्र लागते. ध्रुवप्रदेशात हिवाळ्याचे महिने अंधाराचे आणि एरवीही ढगांची दाटी. म्हणून रडारचा उपग्रह वापरतात. तो स्वतःच सूक्ष्म लहरी खाली सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपतो. या लहरी ढगांतून आरपार जातात आणि त्यांना सूर्याची गरज नसते. उपग्रह तिरक्या नजरेने पाहत असतो, त्यामुळे शांत पाणी लहरींना आरशासारखे दुसरीकडे परतवते आणि चित्रात काळे दिसते. हिमनगाचे खडबडीत अंग आणि उभे कडे लहरी परत फेकतात, म्हणून तो पांढरा ठिपका दिसतो. मात्र वारा सुटून समुद्र खवळला, की पाणीही उजळते आणि ठिपका हरवतो. जहाजही पांढरा ठिपकाच दिसते. तेव्हा हा बर्फ की बोट, हे ठरवायला शेवटी जाणते माणूस लागते.

या कामात आपण नुसते प्रेक्षक नाही. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून 'पोलर सर्कल' हे भाड्याचे नॉर्वेजियन जहाज डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली निघाले आणि ९ जानेवारी १९८२ रोजी भारतीय तुकडी दक्षिण ध्रुवखंडावर उतरली. पुढे हिमफळीवर उभारलेले 'दक्षिण गंगोत्री' ठाणे (ठाणे म्हणजे तळ, आपले शहर नव्हे!) बर्फात गाडले गेले, म्हणून 'मैत्री' आणि २०१२ मध्ये 'भारती' ही ठाणी खडकावर उभारली. या मोहिमांचा कारभार वास्कोच्या हेडलँड सडा येथील राष्ट्रीय संस्थेतून चालतो. तेथे जाणाऱ्या जहाजाला बर्फातून वाट कोठे मोकळी आहे, हे अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातील मंडळी उपग्रहांच्या चित्रांवरून सांगतात. २६ एप्रिल २०१२ रोजी 'रिसॅट-१' हा आपला रडार-उपग्रह गेला, १४ फेब्रुवारी २०२२ रोजी 'ईओएस-०४' गेला आणि ३० जुलै २०२५ रोजी अमेरिकेच्या भागीदारीतला 'निसार' श्रीहरिकोट्याहून उडाला. पृथ्वीवरची जवळजवळ सारी जमीन आणि बर्फ दर बारा दिवसांत दोनदा पाहील, अशी त्याची आखणी आहे.

मग टेहळ्याला आता घरी पाठवावे काय? नाही! घराएवढे किंवा मोटारीएवढे बर्फाचे तुकडे लाटांत लपतात. ते उपग्रहाला नेहमी सापडत नाहीत आणि पोलादी पत्रा फाडायला ते पुरेसे असतात. २३ नोव्हेंबर २००७ रोजी 'एक्सप्लोरर' हे प्रवासी जहाज दक्षिण ध्रुवखंडाजवळ बर्फाला लागून बुडाले. सुदैवाने सर्व १५४ माणसे वाचली. उपग्रहाचा डोळा कितीही मोठा असला, तरी गलबताच्या नाळेवर माणसाचा डोळा हवाच.

आता मी माझ्या मुद्द्याकडे येतो. उमेदवारीच्या दिवसांत वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात मी पॉवर प्रेसवर होतो. एका प्रेसला खोड लागली होती. पायटा एकदा दाबला तर तो दोनदा मारी. पहिल्या पाळीच्या कारागिराने ते सुपरवायझरला सांगितले. सुपरवायझरने वहीत लिहिले आणि वही कपाटात ठेवली. दुसऱ्या पाळीला आलेल्या पोराला कुणी काही बोलले नाही. त्याची तीन बोटे गेली. दोष दिसला होता, लिहिलाही होता. त्या वहीत नव्हती ती फक्त शिट्टी.

२०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत जे स्फोट झाले, त्यांचे हादरे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांना बसले आहेत. त्यांची कारणे ठरविणे हे तपासाचे काम; मी येथे निकाल देत नाही. मी एवढेच विचारतो, की हजारो मैलांवरचा हिमनग कोठे सरकला हे जर जहाजावरच्या खलाशाला आज कळू शकते, तर भिंतीपलीकडच्या टाकीत काय भरले आहे, हे तिच्याशेजारी काम करणाऱ्याला आणि रस्त्यापलीकडे राहणाऱ्याला का कळू नये?

आपल्या या गावांतील कितीतरी मुले आज व्यापारी जहाजांवर आहेत. त्यांच्या आया इथे समोर बसल्या असतील. त्या मुलांच्या वाटेवर आकाशातून पहारा आहे, हे समाधान मोठे आहे. परंतु तो पहारा आपोआप उभा राहिला नाही. दीड हजार जीव गेल्यावर जगाने तो वर्गणी काढून उभा केला. आपल्या कारखान्यांसाठी तसा पहारा उभा करायला आणखी किती हिशेब द्यावा लागेल, हे आपण ठरवायचे आहे. उद्या सकाळी गाडीतून रुळांवरचा तो झेंडेवाला दिसला, तर त्याला आळशी म्हणू नका. आणि आपल्या कारखान्यात, आपल्या वस्तीत तसा कोण आहे, याची चौकशी करा. नसेल, तर तो नेमून घ्या.