खिम्याची रसाळ टिकिया

मोडनिंब हें सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यांतील बाजाराचें गांव. येथील एखाद्या घरीं मटण आलें, कीं गृहिणीपुढें दोन चिंता उभ्या राहतात. खिम्याची टिकिया फार भाजली, तर ती कोरडी होऊन म्हाताऱ्या माणसाच्या घशाखालीं उतरत नाहीं. कमी भाजली, तर लहान मुलाचें पोट बिघडण्याचें भय. जिन्नस महागाचा, आणि तो वाया जाण्याच्या वाटा दोन. वस्तुतः रस आणि पक्वता ह्यांचें वैर नाहीं.

पाश्चात्त्य देशांत ही टिकिया बहुधा गोमांसाची करतात. 'हॅम्बर्गर' हें नांव जर्मनींतील हॅम्बुर्ग शहरावरून आलें. डुकराच्या मांसाशीं त्याचा संबंध नाहीं. महाराष्ट्रांत मार्च २०१५ पासून गाय, बैल व वळू ह्यांच्या कत्तलीस बंदी आहे. म्हैस त्या बंदीबाहेर आहे. इकडील घरांत खिमा बहुधा बोकडाचा असतो. त्या मांसांत चरबी कमी, म्हणून कृतींत थोडा फेर करावा लागतो.

मांसाच्या वजनाचा सुमारें तीन चतुर्थांश भाग पाणी असतें. उष्णता चढते तसे तंतु आकुंचन पावून तें पाणी बाहेर पिळलें जातें. प्रखर आंचेनें मांसाचा पृष्ठभाग बंद होऊन रस आंत कोंडला जातो, असें मत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग ह्यानें १८४७ सालीं मांडिलें. पुढें प्रयोगांनीं तें खोटें ठरलें. तव्यावरील चुरचुर हा निसटणाऱ्या पाण्याचाच आवाज होय. खरपूसपणानें चव येते; रस राखण्याचे उपाय निराळे.

पहिला उपाय चरबीचा. चारशें ग्रॅम मांसास शंभर ग्रॅम चरबी खाटकाकडून मागून घ्यावी व दोन्हींचा एकत्र खिमा करवावा. त्यांत बारीक चिरून पिळलेला कांदा, आलें-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि भाजलेल्या डाळ्याची पूड दोन चमचे घालावी. ही पूड सुटणारें पाणी शोषून धरते. दुसरा उपाय थंडाव्याचा. उन्हाळ्यांत खिमा थंड ठेवून मगच वळावा, नाहींतर हाताच्या उबेनें चरबी मऊ होऊन लिंपली जाते. तिसरा उपाय हलक्या हाताचा. खिमा कणकेसारखा मळूं नये. मीठ आधीं मिसळलें, तर मांसांतील प्रथिन विरघळून टिकिया रबरासारखी चिवट होते. म्हणून तें तव्यावर टाकण्याच्या वेळींच वरून लावावें.

टिकिया बोटभर जाड ठेवून मध्यें किंचित् खोलगट करावी, म्हणजे ती फुगत नाहीं. मध्यम आंचेवर वरचेवर उलटावी, पण उलथण्यानें दाबूं नये. दाबल्यानें राखलेला रस तव्यावर जातो.

आतां पक्वतेविषयीं. अखंड तुकड्यावर जंतु बहुधा बाहेरच्या अंगास असतात. खिमा करतांना ते आंत मिसळतात. म्हणून टिकियेचा मध्यभाग ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापलाच पाहिजे. नुसत्या रंगावरून हें कळत नाहीं. स्वयंपाकाचा तापमापक टोचून पाहणें हा खात्रीचा मार्ग. तेवढी उष्णता गांठतांच टिकिया उतरवावी. पुढचें प्रत्येक मिनिट रसाला मुकविणारें असतें.

बोकडाची चरबी लौकर थिजते. यास्तव ज्वारीच्या भाकरीबरोबर ही टिकिया तव्यावरून थेट ताटांत वाढावी.