गरनात्याचा शेवटचा सुलतान

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



अंदलुसचे नाव निघाले की आपल्याकडे वडीलधारी मंडळी हळहळतात. अलहम्ब्राचे चित्रही आपण पाहिलेले असते. परंतु तो महाल ज्याच्या हातून गेला, त्याच्याविषयी आपल्याला बहुधा एक दंतकथाच ठाऊक असते. राज्य सोडून जाताना एका टेकडीवर थांबून तो रडला आणि त्याची आई त्याला बायकी म्हणून टोचून बोलली, अशी ती कथा. पुढच्या काळात ख्रिस्ती लेखकांनी ती लिहून ठेवली. त्या वेळचा पुरावा तिला नाही आणि मला स्वतःला ती पटतही नाही.

त्याचे नाव अबू अब्दुल्लाह मुहम्मद. स्पॅनिश लोकांनी त्याचे ‘बोआब्दिल’ केले. बनू नस्र घराण्याचा हा शेवटचा सुलतान. या घराण्याचा मूळ पुरुष मुहम्मद इब्नुल अहमर याने १२४६ साली कास्तीलच्या राजाचे मांडलिकत्व पत्करले आणि १२४८ मध्ये मुसलमानांचेच सेव्हिल शहर घेण्यास त्या राजाला आपली फौज दिली. अलहम्ब्राच्या भिंतींवर ‘अल्लाहखेरीज कोणी विजयी नाही’ हे वाक्य जागोजागी कोरलेले आहे. त्याच भिंतींआडचे राजकारण मात्र दुसऱ्याच्या भरवशावर चालले होते.

१४८२ साली बापलेकांत बेबनाव झाला. वडील अबुल हसन अली यांना दूर सारून मुलगा गादीवर बसला. दुसऱ्याच वर्षी लुसेना येथे लढताना तो शत्रूच्या हाती सापडला. फर्डिनांड आणि इझाबेला हे राजाराणी मोठे धूर्त. त्यांनी त्याला मारले नाही. मांडलिकत्व, खंडणी आणि लहानग्या मुलाला ओलीस ठेवणे, या अटींवर सोडून दिले. मोकळा सुटलेला बोआब्दिल घरात भांडण लावील, हा त्यांचा हिशेब होता आणि तो अगदी बरोबर ठरला. गरनात्यात आधी बापाशी आणि मग चुलता अल-झगल याच्याशी यादवी चालू राहिली. १४८७ मध्ये मालागाला वेढा पडला. चुलत्याने मदतीस धाडलेली फौज पुतण्याच्या माणसांनी वाटेतच अडविली. मालागा पडले आणि तेथील बहुतेक रहिवासी गुलाम झाले. बोआब्दिलच्या आयुष्यातील ही गोष्ट मला सर्वांत जड वाटते. टेकडीवरच्या अश्रूंपेक्षा तिची चर्चा व्हायला हवी.

१४८९ मध्ये अल-झगलही शरण गेला. उरले एकटे गरनाता, आणि आत अन्नाचा तुटवडा. २५ नोव्हेंबर १४९१ रोजी तहनामा झाला. मित्रहो, हा तहनामा मुद्दाम वाचण्यासारखा आहे. मशिदी अबाधित राहतील, तंटे शरीअतप्रमाणे काझीच सोडवतील, मालमत्तेला हात लागणार नाही, ज्यांना आफ्रिकेत जायचे त्यांना जहाजे मिळतील, इस्लाम स्वीकारलेल्या ख्रिस्त्यांवर जबरदस्ती होणार नाही. हरलेल्या माणसाने आपल्या रयतेसाठी यापेक्षा अधिक काय मागावे? २ जानेवारी १४९२ रोजी किल्ल्या दिल्या गेल्या. ओलीस मुलगा परत मिळाला.

पण कागद राखायला ताकद लागते. १४९९ मध्ये सिस्नेरोस हा धर्माधिकारी गरनात्यात आला आणि त्याने नेमका त्या शेवटच्या कलमावर घाव घातला. लोक खवळून उठले, तेव्हा ‘तुम्ही बंड केले, तह संपला’ असे सांगण्यात आले. अरबी ग्रंथांची चौकात होळी झाली. वैद्यकाचे ग्रंथ तेवढे बाजूला काढून ठेवले गेले! म्हणजे काय जाळायचे आणि काय ठेवायचे, हे जाळणाऱ्यांना चांगले कळत होते. १५०२ मध्ये कास्तीलच्या मुसलमानांना बाप्तिस्मा किंवा देशत्याग, एवढेच पर्याय उरले. बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या वंशजांनाही १६०९ ते १६१४ या काळात हाकलण्यात आले.

बोआब्दिल हे पाहायला तेथे नव्हता. त्याला अलपुहारास डोंगरात जहागीर मिळाली होती. तेथे त्याची पत्नी वारली आणि १४९३ मध्ये तो समुद्र ओलांडून मोरोक्कोतील फेज शहरी गेला. पुढे सव्वाशे वर्षांनी, सतराव्या शतकाच्या आरंभी, अल-मक्करी या इतिहासकाराने त्याचे वंशज त्याच शहरात पाहिले. गोरगरिबांसाठी ठेवलेल्या वक्फच्या पैशावर त्यांची गुजराण चालली होती.