चिखलातली जीप आणि विजेचा हिशेब

म्हैसूरहून कुर्गकडे जाताना पक्की सडक सोडून कॉफीच्या मळ्यातील वाटेला लागले, की आषाढातला चिखल वाहनाची परीक्षा पाहतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका उतारावर माझी जीप आसापर्यंत रुतली. पुढे विजेवर चालणारा विंच होता. तारेचा दोर झाडाला अडकवला, कळ दाबली. जीप हातभर सरकली, विंचचा आवाज घोगरा झाला, दिवे मंदावले आणि सारेच थंडावले. इंजिन बंद ठेवून विंच चालवण्याचे शहाणपण माझेच! बॅटरी संपल्यामुळे आता इंजिनही सुरू होईना. काळोख पडता पडता मळ्यातील मंडळींनी मला ओढून काढले.

पुढे हिशेब मांडला. चार टन ओढणारा १२ व्होल्टचा विंच पुऱ्या भाराखाली ४०० अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. अशा जीपचा आल्टर्नेटर ६० ते ८० अँपिअर देतो. उरलेले ओझे बॅटरीच्या माथी. मिनिटभराच्या ओढीला सुमारे ७ अँपिअर-तास खर्ची पडतात. आकडा लहान वाटतो, पण एवढा प्रवाह देताना बॅटरीचा दाब घसरतो आणि तिच्यावर छापलेली क्षमता खरी उतरत नाही. म्हणून इंजिन चालूच हवे, आणि मिनिटभर ओढल्यावर मोटारीला विसावाही हवा.

त्याहून उपेक्षित वस्तू म्हणजे तार. जाण्यायेण्याची मिळून ४ मीटर तांब्याची तार १६ चौरस मिलिमीटरची असेल, तर ४०० अँपिअरला तिच्यातच पावणेदोन व्होल्ट हरवतात. ५० चौरस मिलिमीटरची असेल, तर जेमतेम अर्धा व्होल्ट. परतीची तारही सांगाड्यावर न सोडता थेट बॅटरीपर्यंत न्यावी आणि वाटेत प्रवाह तोडणारा मोठा स्विच ठेवावा.

मग २४ व्होल्ट का घेऊ नयेत? दाब दुप्पट केला, की प्रवाह निम्मा होतो. म्हैसूर संस्थानाने १९०२ मध्ये शिवनसमुद्रची वीज सुमारे १४७ किलोमीटरवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींना नेली, ती याच न्यायाने, हजारो व्होल्टच्या दाबाने. सैन्यातील कित्येक वाहने २४ व्होल्टचीच असतात. पण ज्याची सारी जीप १२ व्होल्टची आहे, त्याने केवळ विंचसाठी हा संसार उलटापालटा करू नये, असे माझे मत आहे.

वर्षातून दोनदा रुतणाऱ्यास एक दणकट बॅटरी पुरते. गोव्याच्या पावसाळी शर्यतींत उतरणाऱ्याने मात्र दुसरी बॅटरी बसवावी, आणि इंजिन बंद होताच दोन्ही विलग करणारा रिले मध्ये घालावा. म्हणजे विंचने एक रिती केली तरी इंजिन सुरू करण्यापुरती दुसरी शिल्लक राहते.

आणि एक कप्पी! झाडाला कप्पी बांधून दोराचे टोक परत जीपला आणले, तर विंचवरचा भार जवळजवळ निम्मा होतो, प्रवाहही उतरतो. वेळ तेवढा दुप्पट लागतो.  दुसरी बॅटरी मी अद्याप घेतलेली नाही. कप्पी मात्र आसनाखाली कायमची ठेवली आहे.