यंत्र हाही दारूगोळाच

(रत्नागिरी येथील व्याख्यानाचा अंश)

उद्या आपल्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या तरुण उद्योजकाकडे परदेशातून मागणी येईल : झाडलेल्या काडतुसाच्या पितळी नळीत नवी टोपी, दारू व गोळी बसविणारे हातयंत्र हवे. नेमबाजांचे साधे उपकरण. त्यात दारूचा कणही नाही. मग अडचण कसली?

अडचण व्याख्येत आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात 'दारूगोळा' या संज्ञेतच तो बनविण्याची यंत्रसामग्री अंतर्भूत आहे. कलम १० अन्वये तिच्या आयातीस व निर्यातीस परवाना लागतो. परवानाधारकास खासगी वापरापुरती सवलत आहे, व्यापारास नाही. शिवाय परकीय व्यापार महासंचालनालयाची 'स्कोमेट' यादी पाहावी लागते ती वेगळीच. २०१७ मध्ये भारत वासेनार व्यवस्थेचा सदस्य झाल्यापासून या नियमांना आंतरराष्ट्रीय संदर्भही आहे.

१८७८ चा कायदा परकीयांनी आपल्याला निःशस्त्र करण्यासाठी केला होता. त्याविषयी मनात अढी असणे स्वाभाविकच. हा कायदा मात्र आपल्या संसदेचा आहे. शेजारच्या रायगडातील शेखाडीला १९९३ साली आरडीएक्स उतरले, हे कोकणवासीयांना वेगळे सांगायला नको. आपण पाठविलेले यंत्र तिकडे कोणाच्या हाती पडेल, हा प्रश्न तिथल्या किनाऱ्यावरच्या माणसालाही पडणारच. म्हणून मागणी स्वीकारण्याआधी परवान्याची चौकशी करा. माल बंदरात अडकल्यावर नव्हे.