आदेश दिला, पण ऐकला कोणी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मी इथे बोलतो आहे आणि आपण घरी ऐकत आहात, असे मी धरून चालतो. समजा आपण ऐकत नसलात, तरी फारसे बिघडत नाही. आग विझवायला गेलेल्या जवानाच्या हातातल्या वॉकीटॉकीचे तसे नसते. तिथे बोललेले पोचले की नाही, हे कळावेच लागते. वायरलेस संचांच्या दुरुस्तीत माझी उमेद गेली. त्यामुळे ११ सप्टेंबर २००१ ची न्यूयॉर्कची हकिगत मी नेहमी या संचांच्या बाजूने वाचत आलो. त्या दिवशी तिथल्या अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. ‘वॉकीटॉकी चालले नाहीत म्हणून गेले’, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे.

हातातल्या संचाची ताकद काही वॅटचीच. मोकळ्या मैदानात ती पुरते. पोलाद आणि काँक्रीटचे शंभर मजले मध्ये आले की आवाज वाटेतच विरतो. शिवाय बटण दाबायचे आणि बोलायचे, सोडायचे आणि ऐकायचे, अशी ही पद्धत. एकाच चॅनेलवर दोघांनी एकदम बटण दाबले की कोणाचेच धड ऐकू येत नाही. त्या सकाळी एकेका चॅनेलवर शेकडो माणसे होती.

यावर उपाय म्हणजे रिपीटर. क्षीण आवाज एका फ्रिक्वेन्सीवर पकडायचा आणि दुसरीवर जोरकस करून सोडायचा, हे त्याचे काम. पाटलाचा निरोप दवंडीवाल्याने गावभर पोचवावा, तसे. जागतिक व्यापार केंद्रात २६ फेब्रुवारी १९९३ रोजी बॉम्बस्फोट झाला, तेव्हा संचांची दैना उडाली होती. म्हणून मालक असलेल्या पोर्ट ऑथॉरिटीने १९९४ मध्ये तिथे रिपीटर बसवला. तो कायम चालू ठेवावा, असे तिचे म्हणणे होते. आसपासच्या इतर कामांत अडथळा येईल, म्हणून गरजेपुरताच चालू करू, असे अग्निशमन दल म्हणाले. दोघांचेही म्हणणे चुकीचे नव्हते. पण चालू करायचा म्हटले की बटण आले, आणि बटण आले की ते दाबणारा माणूस आला.

त्या सकाळी उत्तर मनोऱ्याच्या तळमजल्यावर पहिले बटण दाबले गेले. तिथल्या मुख्य हँडसेटवरून बोलता यावे म्हणून दुसरेही बटण होते, ते राहिले. नऊच्या सुमारास दोन अधिकाऱ्यांनी चाचणी घेतली, ती जमली नाही. रिपीटर बंद पडला असे समजून ते दुसऱ्या चॅनेलवर गेले. प्रत्यक्षात रिपीटर चालू होता! त्याच चॅनेलवरून दक्षिण मनोऱ्यात बटालियन प्रमुख ओरिओ पामर बोलत होते. त्यांनी एक लिफ्ट चालू करून चाळिसावा मजला गाठला, पुढे जिन्याने अठ्ठ्याहत्तराव्या मजल्यापर्यंत मजल मारली. वर आग कुठे आहे, जखमी किती आहेत, हे ते खाली स्पष्ट कळवत होते. ९ वाजून ५९ मिनिटांनी तो मनोरा कोसळला. त्या संभाषणाची ध्वनिफीत नंतर सापडली.

मग उत्तर मनोऱ्यात ‘बाहेर पडा’ असा आदेश गेला. तो मनोरा कोसळायला अजून २९ मिनिटे होती. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चौकशी आयोगाच्या अहवालातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काहींना आदेश पोचलाच नाही. काही जण भलत्या चॅनेलवर होते. सुट्टीवर असूनही धावून आलेल्यांपैकी कित्येकांकडे संचच नव्हता. पण अनेकांनी आदेश ऐकला होता! ते निघाले, वाटेत दम खायला थांबले, जखमींसाठी, मागे राहिलेल्या सोबत्यांसाठी थांबले. आणीबाणीत तीनदा ‘मेडे’ म्हणायचे असते, ते त्या आदेशांत नव्हते. शेजारचा मनोरा पडला आहे, हे त्यांना कोण सांगणार? आदेश देणारे अधिकारी स्वतः धुळीच्या अंधारात उभे होते, त्यांनाही ते ठाऊक नव्हते. पोलिसांची हेलिकॉप्टर्स वरून सारे पाहत होती, पण त्यांचा इशारा पोलिसांच्याच चॅनेलवर राहिला. याला संचाचा दोष कसा म्हणावा?

नवे यंत्र आणले की प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. मार्च २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या दलाने डिजिटल संच वापरायला काढले. थोड्याच दिवसांत क्वीन्स भागातल्या एका तळघरात अडकलेल्या जवानाची हाक नीट ऐकली गेली नाही, आणि ते संच परत घ्यावे लागले. जुन्या अ‍ॅनालॉग संचाचा आवाज दूर गेला की खरखरतो, पण कान देणाऱ्याला काहीतरी कळते. डिजिटलचा आवाज एका टप्प्यानंतर तुटतोच. पुढे तेच नवे संच अ‍ॅनालॉग पद्धतीवर लावून जवानांना देण्यात आले.

त्यानंतर तिथल्या दलाने जास्त ताकदीचा एक संच तयार केला, त्याला ‘पोस्ट रेडिओ’ म्हणतात. उंच इमारतीला आग लागली की प्रमुखाबरोबर तो उचलून वर नेतात. २०१४ च्या बांधकाम नियमावलीने नव्या उंच इमारतींत जवानांच्या संचांसाठी वेगळी यंत्रणा बसवणे सक्तीचे केले. तिचा खर्च इमारतीच्या मालकाने करायचा आहे.