उशिरा सापडणारी धमनी

5 जानेवारी 1988 रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथे मित्रांबरोबर बास्केटबॉल खेळता खेळता पीट मॅराविच कोसळला आणि गेला. वय अवघं 40. एनबीएची दहा वर्षं गाजवलेल्या या खेळाडूला डावी हृदयधमनी जन्मतःच नव्हती, हे शवविच्छेदनात उघड झालं. इतकी वर्षं एकटी उजवी धमनी सगळं हृदय पोसत होती.

जन्मजात दोष म्हटलं की डोळ्यांपुढे तान्हं बाळ येतं. पण हृदयधमन्यांच्या बाबतीत तो साठीसत्तरीतही पहिल्यांदा सापडतो, तोही बहुधा भलत्याच तपासणीत. क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या सव्वा लाखाहून अधिक अँजिओग्राफींचा अभ्यास 1990 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशी वेगळी रचना 1.3 टक्के लोकांत आढळली.

कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, काय घडतं, पाहा. मनगटातून सरकवलेल्या कॅथेटरने डॉक्टर डाव्या धमनीत डाय सोडतात. पुढची फांदी पडद्यावर उमटते, पण हृदयाच्या मागच्या बाजूला वळणारी सर्कमफ्लेक्स नावाची फांदी दिसतच नाही. मुळापासून बंद पडली की काय? मग उजवीकडे डाय सोडला जातो आणि ती तिथूनच निघून, महाधमनीला मागून वळसा घालून जाताना दिसते.

हा प्रकार एरवी निरुपद्रवी. मात्र उतारवयात हृदयाची झडप बदलायची वेळ आली, तर ही धमनी नेमकी टाक्यांच्या वाटेत येऊ शकते. म्हणून सर्जनला ती आधीच ठाऊक हवी.

धोक्याची वाट वेगळी. डावी धमनी उजव्या बाजूने निघून महाधमनी आणि फुफ्फुसधमनी यांच्या मधून गेली, तर जोराच्या श्रमात तिचा रक्तपुरवठा तुटू शकतो. याचे बळी बहुतेक तरुण असतात, तेही मैदानावर. साठी सुखरूप ओलांडलेल्या माणसाला तोच हिशेब लावून घाबरवणं अन्यायाचं आहे. सीटी अँजिओग्राफीत धमनीची वाट कळते, स्ट्रेस टेस्टमध्ये हृदयाला रक्त कमी पडतं का ते कळतं. त्रास नसेल आणि रक्त पुरेसं पोचत असेल, तर अनेकांना, विशेषतः डावीऐवजी उजवी धमनी अशा मधल्या वाटेने गेलेल्यांना, ऑपरेशनची गरज पडत नाही.

वयाबरोबर याच धमन्यांत चरबीही साठते. तेव्हा छातीत दुखण्याचं खापर जन्मजात रचनेवर फोडून ब्लॉकेजकडे दुर्लक्ष होता कामा नये. अँजिओग्राफीची सीडी आणि रिपोर्ट घरात जपून ठेवावा. पुढे स्टेंट किंवा झडपेचं ऑपरेशन करायची वेळ आली, तर धमनीचं तोंड कुठे शोधायचं हे डॉक्टरांना त्यातूनच कळतं.